फ्रित्झ ओव्हरबेकच्या मागावर: ब्रेमेन, व्होर्प्सवेड, फेगेसाक

गुरुवार, ब्रेमेन

ओव्हरबेक म्हटलं की जर्मनीत चित्रं बघणारी माणसंसुद्धा आधी दुसऱ्याच ओव्हरबेककडे जातात, तो ल्युबेकचा फ्रीडरिश, रोमला जाऊन धार्मिक चित्रं काढणारा. मी ज्याच्यासाठी आलेय तो फ्रित्झ ओव्हरबेक, ब्रेमेनचाच, जन्म १५ सप्टेंबर १८६९, निसर्गचित्रं आणि एचिंग (धातूच्या प्लेटवर ऍसिडने कोरून कागदावर छापलेली चित्रं) करायचा आणि ८ जून १९०९ ला गेला, म्हणजे चाळिशीसुद्धा गाठली नाही. कॉलेजात प्रिंटमेकिंग शिकत असताना लायब्ररीतल्या एका जुन्या कॅटलॉगमध्ये त्याच्या एचिंगचा छोटासा फोटो बघितला होता, कालवा, वाऱ्याने वाकलेली बर्चची झाडं आणि वर नुसतं आकाश. तेव्हापासून तो माणूस डोक्यातून गेलाच नाही.

ताई ब्रेमेनला राहते, भाऊजींची नोकरी तिथली, ती दर वेळी फोनवर ये ये म्हणायची. या वेळी तिला आधीच सांगून ठेवलं की येते पण फिरायचं ते ओव्हरबेकच्या हिशोबाने. त्यामुळे रोलांडचा पुतळा, गाढव-कुत्रा-मांजर-कोंबड्याचा पुतळा वगैरे सकाळीच भरभर उरकलं (छान आहेत, पण त्यांच्याबद्दल भरपूर लिहिलेलं सापडेल) आणि कुन्स्टहाले गाठलं.

हे ब्रेमेनचं मोठं आर्ट म्युझियम, १८२३ साली गावातल्या कलाप्रेमी लोकांनी एकत्र येऊन सोसायटी काढली तिचं. यांच्याकडचा प्रिंट आणि ड्रॉइंगचा संग्रह फार मोठा आहे, त्यातलं भिंतीवर अगदी थोडं असतं कारण कागदाला उजेड सोसत नाही, बाकी सगळं खोक्यांमध्ये. ते बघायचं तर आधी ईमेल करून काय बघायचंय ते सांगावं लागतं, मग एका शांत खोलीत टेबलावर आणून ठेवतात, पेन चालत नाही, फक्त पेन्सिल, हात स्वच्छ धुवून बसायचं. मी व्होर्प्सवेडच्या मंडळींची, म्हणजे ब्रेमेनजवळच्या त्या खेड्यात राहिलेल्या ओव्हरबेक आणि त्याच्या चित्रकार मित्रांची, एचिंग मागितली होती.

ज्यांनी एचिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. झिंक किंवा तांब्याच्या प्लेटवर मेण-डांबराचा पातळ थर द्यायचा, त्याला ग्राउंड म्हणतात, त्यावर सुईने चित्र काढायचं, सुई जिथे फिरली तिथे धातू उघडा पडतो. मग प्लेट ऍसिडमध्ये टाकायची, ऍसिड फक्त उघडा धातू खातं. हलकी रेघ हवी तर लवकर बाहेर काढायची, गडद हवी तर जास्त वेळ ठेवायची, आणि ज्या रेघा हलक्याच राहायला हव्यात त्यांच्यावर मधेच व्हार्निश लावून पुन्हा बुडवायची. सगळं झालं की ग्राउंड काढून शाई चोळायची, जाळीच्या कापडाने पुसायची, ओलसर कागद वर ठेवून प्रेसमधून काढायचं. लिहायला दहा ओळी लागल्या, पण एक प्लेट करताना दिवसच्या दिवस जातात.

तर टेबलावर ओव्हरबेकचा कागद आला आणि मी भिंग घेऊन वाकले. खाली अंधारी जमीन, मधे कालव्याचा एक पट्टा, बाकी तीन चतुर्थांश आकाश. फोटोत बघताना मला वाटायचं की ढगांसाठी त्याने खूप रेघा मारल्या असतील, तर तसं नाहीये, ढगात रेघा अगदी मोजक्या आणि इतक्या उथळ की बोटाला लागणारसुद्धा नाहीत, ढगाचं वजन आलंय ते प्लेट पुसताना मागे ठेवलेल्या शाईच्या पातळ पापुद्र्यातून. आणि कालव्याच्या पाण्यावर एका ठिकाणी शाई जवळजवळ पूर्ण पुसून काढलीये, तेवढ्या जागेत कागदाचा पांढरा रंग दिसतो, आणि तेवढ्यावर कळतं की ढगांमागे कुठेतरी उजेड आहे. ज्याने हे पुसलं त्याला तो उजेड नेमका माहीत होता. याउलट जमिनीच्या रेघा इतक्या खोल खाल्लेल्या की शाई कागदावर उभी राहिलीये, तिरक्या उजेडात तिची सावली पडते. जमीन जड आणि आकाश हलकं हे त्याने रंगाने नाही, ऍसिडच्या वेळेने केलंय. मी बराच वेळ तिथेच बसले होते, ताई बाहेर कॅफेत दुसरी कॉफी संपवून कंटाळली.

याच कुन्स्टहालेत एप्रिल १८९५ मध्ये व्होर्प्सवेडच्या तरुण चित्रकारांचं पहिलं एकत्र प्रदर्शन झालं. फ्रित्झ माकेन्झेन, ओटो मोडरझोन, हान्स आम एंडे, हाइनरिश फोगेलर आणि ओव्हरबेक, सगळ्यांची वयं विशी-तिशीतली, ओव्हरबेक तर पंचविशीचा. ब्रेमेनकरांना ते काही फार रुचलं नाही, टिंगलच झाली. पण म्युनिकच्या ग्लासपालास्ट प्रदर्शनाचा माणूस ब्रेमेनमध्ये हे बघून गेला होता, त्याने सगळ्यांना म्युनिकला बोलावलं आणि तिथे त्याच वर्षी माकेन्झेनला सुवर्णपदक मिळालं, मोडरझोनचं वादळाचं चित्र तिथल्या पिनाकोटेक म्युझियमने विकत घेतलं. काही महिन्यांत एका खेड्याचं नाव जर्मनीभर झालं. घरचे हसले आणि बाहेरच्यांनी डोक्यावर घेतलं, हे आपल्याकडेही काही नवीन नाही.

शुक्रवार, व्होर्प्सवेड

ब्रेमेनहून ६७० नंबरची बस थेट व्होर्प्सवेडला जाते. शहर संपलं की जमीन इतकी सपाट होते की डोळ्याला अडकायला काही उरत नाही, गवत, कालवे, गाई, आणि लांबवर एकच उंचवटा, तो वायरबेर्ग. नावात डोंगर आहे पण उंची ५४ मीटर, आपली पुण्याची पर्वती याच्याहून उंच. पण या सपाटीत ५४ मीटर म्हणजे खूप, त्यावर उभं राहिलं की आकाशाशिवाय दुसरं काही मोठं वाटतच नाही, आणि मग कळतं की या लोकांच्या चित्रात क्षितिज इतकं खाली का असतं.

माकेन्झेन इथे पहिल्यांदा आला १८८४ मध्ये, ड्युसेलडॉर्फला शिकायला असताना गावातल्या दुकानदाराच्या मुलीशी ओळख झाली आणि तिच्या घरच्यांनी सुट्टीत बोलावलं, इतकं साधं कारण. १८८९ च्या उन्हाळ्यात तो, मोडरझोन आणि आम एंडे तिघं आले आणि परत अकादमीत जायचंच नाही, इथेच राहायचं असं ठरवून मोकळे झाले. ओव्हरबेक त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत दाखल झाला, तिथल्या टार्टारुस नावाच्या विद्यार्थी मंडळातून मोडरझोनशी दोस्ती झाली, आणि १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोडरझोनच्या ओढीने तो इथे आला आणि राहिलाच. गंमत म्हणजे सगळ्यांमध्ये हाच घरचा माणूस, ब्रेमेनचा, म्हणजे हाकेच्या अंतरावरचा, आणि त्याला ही जमीन दिसली ती ड्युसेलडॉर्फला जाऊन आल्यावर.

गावात आता गर्दी असते. गॅलऱ्या, कॅफे, सायकलवाल्या आजी-आजोबांचे ग्रुप. लोक येतात ते मुख्यतः फोगेलरच्या घरासाठी, बार्केनहॉफसाठी, आणि चित्रकार पाउला मोडरझोन-बेकरसाठी. पाउलाबद्दल मला काही बोलायचं नाही, ती थोरच आहे, चर्चच्या आवारात तिची कबर आहे, शिल्पकार ह्योटगरने केलेलं बाळाला मांडीवर घेतलेल्या मरणाऱ्या आईचं शिल्प, ती १९०७ मध्ये बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली, तिथे उभं राहवत नाही. त्याच चर्चमध्ये वर बघितलं तर खांबांवर देवदूतांची डोकी आणि फुलं दिसतात, पाउला आणि तिची मैत्रीण क्लारा वेस्टहॉफने १९०० मध्ये हौस म्हणून चर्चच्या घंटा वाजवल्या, गावाला वाटलं आग लागली, त्याची भरपाई म्हणून दोघींनी हे करून दिलं. पुढे क्लाराने कवी रिल्केशी लग्न केलं आणि दोघं शेजारच्या वेस्टरवेडला राहिले.

रिल्केने १९०३ मध्ये व्होर्प्सवेडच्या चित्रकारांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात पाच जणांवर प्रकरणं आहेत, ओव्हरबेकवर आहे आणि पाउलावर नाही. आज बरोबर उलटं झालंय. मला दोन्ही गोष्टींचा राग येतो.

ग्रोसे कुन्स्टशाऊ ही १९२७ ची ह्योटगरने बांधलेली इमारत, विटांची, गोल घुमटाची, आत वरून उजेड येतो. तिथे सगळी जुनी मंडळी एकत्र टांगलेली बघायला मिळतात आणि माणसामाणसातला फरक लगेच कळतो. माकेन्झेनला माणसं हवीत, शेतकरी, आई-मूल, प्रार्थना. मोडरझोन मऊ आहे, संध्याकाळचा, जरा स्वप्नातला. फोगेलरकडे परीकथा, राजकन्या, गुलाब, त्याची एचिंगसुद्धा तशीच, नाजूक, सगळीकडे नक्षी. ओव्हरबेक यांच्यात कोरडा वाटतो, आणि मला तेच आवडतं. त्याच्याकडे माणसं फारशी नाहीतच. गोष्ट नाही. कालवा, पूल, झाड, पीटचे (दलदलीतून खणून काढलेल्या जळणाचे) ढीग, ढग, संपलं. पण वारा कुठून येतोय हे त्याच्या चित्रात नेहमी कळतं.

संध्याकाळी वायरबेर्गवर चढलो. त्याने १९०० च्या सुमारास या उतारावरची बकव्हीटची शेतं रंगवली होती, पांढरी-गुलाबी फुलं आणि वर मोठे ढग. बकव्हीट म्हणजे आपल्याकडे उपासाला काही जण वापरतात तो कुट्टू. इथे तो हौसेने नव्हता पेरलेला, दलदलीच्या वरच्या थराला आग लावून त्या राखेत जे उगवेल ते पेरायचं, आणि नापीक आंबट मातीत कुट्टूच यायचा. आता तिथे गवत आणि मका आहे. ताई म्हणाली, "अगं, शेत नाहीये तर बघतेस काय एवढं?" मी म्हटलं, "ढग बघतेय, ते तेच आहेत."

शनिवार, तॉयफेल्समोर

आजचा दिवस मला सगळ्यात जास्त लिहायचाय. सायकली भाड्याने घेतल्या आणि हामे नदीच्या बाजूने निघालो, भाऊजी पण आज बरोबर होते, सुट्टी असल्यामुळे.

या भागाला तॉयफेल्समोर म्हणतात, मोर म्हणजे पीटची दलदल. मेलेलं शेवाळ पाण्यात कुजत नाही, साचत जातं, वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे एक मीटर जाड थर व्हायला हजार वर्षं. हे खणून वाळवलं की जळतं. ब्रेमेनच्या चुली, बेकऱ्या, सगळं या पीटवर चालायचं. अठराव्या शतकात हानोव्हरच्या सरकारने ही दलदल वसवायला घेतली आणि ते काम ज्याच्याकडे होतं तो युर्गेन ख्रिस्टियान फिंडॉर्फ, मुळातला सुतार, पुढे मोरचा कमिशनर झाला. त्याने कालवे आखले, सरळ रेषेत, कालव्याच्या कडेने एकेका कुटुंबाला लांब अरुंद पट्टी दिली, गावं वसवली, व्होर्प्सवेडचं ते चर्चही त्याचंच. ज्यांना पट्टी मिळाली ते शेतमजूर, घरातले धाकटे मुलगे, ज्यांच्या वाट्याला बापाची जमीन यायची नव्हती असे. त्यांच्या बोलीत एक म्हण आहे, देन एर्स्टन सीन डोड, देन ट्वेटन सीन नोट, देन ड्रुटन सीन ब्रोड. पहिल्याला मरण, दुसऱ्याला हाल, तिसऱ्याला भाकरी. पिढ्यांबद्दल बोलतायत. गुडघाभर पाण्यात उभं राहून पहिल्याने फक्त चर खणले आणि तो गेला, त्याच्या मुलाने उपाशीपोटी तेच पुढे केलं, आणि नातवाच्या ताटात काहीतरी पडलं.

मी हे वाचून आले होते, पण सायकलवरून त्या सरळ कालव्यांच्या कडेने जाताना डोक्यात एकदम काहीतरी जुळलं. ओव्हरबेकच्या चित्रातल्या या सगळ्या रेषा, क्षितिजाकडे जाणारा कालवा, त्याच्या कडेची बर्चची रांग, रस्त्याचा बांध, पीटच्या ढिगांची ओळ, यातली एकही रेष निसर्गाची नाहीये. प्रत्येक रेष कोणीतरी फावड्याने काढलेली आहे. बर्चसुद्धा लावलेले, रस्ता धरून ठेवायला. लोक म्हणतात याच्या चित्रात माणसं नाहीत, एकटेपणा आहे, मूड आहे, अहो पण माणसं त्या रेषांमध्येच आहेत ना! माकेन्झेनने शेतकऱ्याचा चेहरा काढला, ओव्हरबेकने त्याचं काम काढलं. आणि ते एचिंगमध्ये का जास्त उतरतं तर एचिंग हीच मुळात खणायची कला आहे, सुईने वाट मोकळी करायची आणि बाकीचं ऍसिडने खायचं, चर जितका खोल तितकी शाई जास्त. मी हे भाऊजींना सायकल चालवता चालवता ओरडून सांगत होते, ते बिचारे हो हो म्हणत होते, नंतर थांबल्यावर मात्र त्यांनी पाणी पिता पिता शांतपणे विचारलं, "म्हणजे तू म्हणतेस की त्याने प्लेटवर परत तेच चर खणले?" हो, बरोबर हेच.

नॉय हेल्गोलांड नावाची जागा आहे हामेच्या काठी, तिथून पीटच्या जुन्या पद्धतीच्या होड्यांमधून फिरवतात. ओकच्या लाकडाची काळी, अरुंद, सपाट तळाची होडी, तपकिरी शीड. शीड तपकिरी कारण ते कुजू नये म्हणून सालीच्या काढ्यात बुडवायचे. या होड्या पीट भरून हामेतून, पुढे खाली ब्रेमेनपर्यंत जायच्या, वारा नसेल तर बांबूसारख्या लांब काठीने रेटत, नाहीतर काठावरून दोरीने ओढत. होडीवाल्या काकांनी एक गोष्ट दाखवली ती मला फारच आवडली. कालव्यात पाणी टिकून राहावं म्हणून ठिकठिकाणी बांध घालायला लागतात, पण होडी तर पलीकडे जायला हवी, मग पाण्यात लवचिक फळ्यांचे झडपेसारखे बांध घालायचे, क्लापश्टाऊ म्हणतात त्याला. होडीचं नाक त्यावर चढलं की फळ्या खाली दबतात, होडी घसरून पुढे जाते आणि फळ्या परत उभ्या, पाणी फारसं वाया जात नाही. ना दार उघडायचं ना बंद करायचं, एकटा माणूस होडी नेऊ शकतो. आम्ही पर्यटक म्हणून तासभर मजेत बसलो होतो, हे लोक थंडीत पीट विकायला रात्र रात्र घालवायचे.

परतताना वारा सुटला, पश्चिमेकडून, सायकल पुढे जाईना. आकाश एका बाजूला शाईसारखं काळं आणि दुसऱ्या बाजूला पिवळट उजेड, त्याखाली गवत एकदम फ्लुरोसंट हिरवं. १८९५ मध्ये या मंडळींनी मिळून एचिंगचा एक पोर्टफोलिओ काढला होता, 'फोम वायरबेर्ग' म्हणजे वायरबेर्गहून, त्या काळात एचिंग ही चित्रं छापून विकायची कारागिरी न राहता चित्रकाराने स्वतः करायची गोष्ट व्हावी म्हणून जर्मनीत बरेच गट खटपट करत होते. रंगीत चित्र एकाच घरात जातं, एचिंग बऱ्याच घरांत. आज जे हवामान मी अंगावर घेतलं ते शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कागदावर लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत पोचलं होतं.

रविवार

दिवसभर पाऊस. दुपारी ब्रेमेनच्या फिंडॉर्फ भागातलं जुनं पीट-बंदर बघून आलो, तॉर्फहाफेन, म्हणजे काल ज्या होड्यात बसलो त्या जिथे येऊन लागायच्या ती जागा. छोटंसं आहे, बाजूला बिल्डिंगी, आठवडी बाजार भरतो. त्या कमिशनरचं नाव इथे अख्ख्या वस्तीला दिलंय. संध्याकाळी ताईने थालीपीठं केली.

सोमवारी म्युझियमं बंद असतात म्हणून घरीच.

मंगळवार, फेगेसाक

एस-बानने, म्हणजे लोकल ट्रेनने, फेगेसाक अर्ध्या तासावर. हे ब्रेमेनचंच उत्तरेकडचं टोक, वेझरच्या काठचं जुनं बंदर, सतराव्या शतकात ब्रेमेनच्या व्यापाऱ्यांनी नदी गाळाने भरतेय म्हणून मुद्दाम खणून बांधलेलं. नंतर जहाजं बांधायचा मोठा कारखाना होता, तो १९९७ मध्ये बंद पडला. आता नदीकाठी फिरायची छान वाट आहे, आणि बंदराजवळच्या जुन्या गोदामाच्या इमारतीत ओव्हरबेक म्युझियम. त्याच्या नातीने घरातली चित्रं सांभाळून १९९० मध्ये ते उभं केलं.

इथे का, व्होर्प्सवेडला का नाही, त्याचं उत्तर त्याच्या आयुष्यात आहे. १८९९ मध्ये मोडरझोन, ओव्हरबेक आणि फोगेलर तिघंही चित्रकारांच्या संघटनेतून बाहेर पडले. लोकांना आजही व्होर्प्सवेड म्हणजे सगळे मित्र एकत्र गुण्यागोविंदाने राहायचे असं वाटतं, पण पाच वर्षांत संघटना फुटली होती. तो गावातच राहिला अजून काही वर्षं, पण १९०५ मध्ये बायको-मुलांना घेऊन फेगेसाकजवळच्या ब्रोकन इथे राहायला आला.

बायको म्हणजे हर्मीने रोटे, वाल्सरोडची, तीही १८६९ चीच, स्वतः चित्रकार. बायकांना तेव्हा अकादमीत घेत नव्हते, म्हणून म्युनिकला खाजगीत शिकली, १८९६ मध्ये ओव्हरबेककडे शिकायला म्हणून व्होर्प्सवेडला आली आणि पुढच्या वर्षी लग्न. या म्युझियमचं मला सगळ्यात पटलेलं काम हे की ते दोघांचं आहे, फक्त त्याचं नाही. तिची चित्रं आकाराने लहान, घराच्या आसपासची, बाग, कुंपण, खिडकीतून पडलेलं ऊन. एक शेताच्या कडेचा छोटा स्टडी होता, त्यातला हिरवा इतका धीट आहे की मी आधी तारीख बघितली आणि मग परत चित्राकडे आले. मुलं झाल्यावर तिच्या कामाचा वेळ कुठे गेला असेल ते सांगायला नको.

त्याची उशिराची चित्रं बघायला मी खास आले होते, कारण पुस्तकांमध्ये त्याला नेहमी काळोख्या मोरचा चित्रकार म्हणून संपवतात. तसं नाहीये. इथे येईपर्यंत रंग उजळत गेलेत. झ्युल्ट बेटावरची चित्रं आहेत, वाळूचे डोंगर आणि समुद्र, तेव्हा बेटाला जोडणारा रेल्वेचा बांध नव्हता (तो १९२७ चा), बोटीने जायला लागायचं. त्या समुद्रात कुठलीही सरळ रेष नाही, माणसाने खणलेलं काही नाही, आणि त्याचा ब्रश एकदम सुटलाय, जाड, वेगात. आणि मग दाव्होस. हर्मीनेला क्षयरोग झाला, १९०८ मध्ये स्वित्झर्लंडला दाव्होसच्या सॅनिटोरियममध्ये ठेवलं, तो तिला भेटायला जायचा आणि तिथला बर्फ रंगवायचा. ज्याने आयुष्यभर ५४ मीटरचा डोंगर बघितला त्याच्यासमोर आता आल्प्स, कॅनव्हास वरपर्यंत डोंगराने भरलेला, आकाशाला फक्त एक चिंचोळी पट्टी. बर्फातली सावली निळी आहे, स्वच्छ, थंड निळी. बायको आजारी, मुलं लहान, पैशाची ओढाताण असणार, आणि चित्रात एक थेंब रडगाणं नाही. मला तिथे खूप भरून आलं.

आजारी ती होती, गेला तो. ८ जून १९०९, अचानक, ब्रोकनच्या घरी. हर्मीने त्यानंतर २८ वर्षं जगली, १९३७ पर्यंत, दोन मुलं वाढवली आणि त्याचं काम जपलं, आज हे म्युझियम आहे त्याचं पहिलं श्रेय तिचं. ताई इतका वेळ माझ्यामागे गप्प फिरत होती, हे वाचून म्हणाली, "म्हणजे हिने स्वतःचं बाजूला ठेवून त्याचं सांभाळलं." तेच. पण निदान इथे तिची चित्रं त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर लावलीयेत.

आणि मुलगा! त्याचंही नाव फ्रित्झ, १८९८ चा, व्होर्प्सवेडला जन्मला, तो वनस्पतीशास्त्रज्ञ झाला, कीलला प्रोफेसर होता, आणि अभ्यास कशाचा तर मोरचा. पीटच्या थरात हजारो वर्षांपूर्वीचे परागकण जसेच्या तसे अडकून राहतात, थर खाली खाली मोजत गेलं की कुठल्या काळात कुठली झाडं होती, जंगल कधी तोडलं, शेती कधी आली ते कळतं. त्याच्या हयातीत ही दलदल झपाट्याने उपसली जात होती, म्हणजे ज्या वहीचा तो अभ्यास करत होता तिची पानं फाटत चालली होती. १९७५ मध्ये मोरविज्ञानावर त्याचा जाडजूड ग्रंथ आला, १९८३ मध्ये तो गेला. बापाने वरून बघितलेली जमीन पोराने आतून बघितली, आणि दोघांनाही ती संपायच्या आधी नोंदवून ठेवायची होती असं मला वाटतं. बाप बोलून गेला नाही तसं काही, पण चर खणणाऱ्या जगाच्या इतक्या शेवटी येऊन इतकी काळजीपूर्वक चित्रं दुसरं कोण काढतं.

म्युझियममधून बाहेर पडून नदीवर गेलो. हामे आणि व्युमे मिळून लेसुम होते आणि लेसुम इथेच फेगेसाकला वेझरला मिळते, म्हणजे शनिवारी आम्ही ज्या पाण्यावर होडीत होतो तेच पाणी इथून जातं. व्होर्प्सवेड सोडून तो फार लांब नव्हताच गेला, फक्त पाण्याच्या खालच्या अंगाला आला.

कुणाला जायचं असेल तर माझं ऐका, आधी फेगेसाक करा आणि मग व्होर्प्सवेड, कारण तिथल्या गर्दीत ओव्हरबेक हरवतो आणि इथे तो आणि हर्मीने पूर्ण भेटतात. कुन्स्टहालेच्या प्रिंटच्या खोलीसाठी दोन-तीन आठवडे आधी ईमेल टाका, इंग्रजीत चालतं, आणि कोणतं एचिंग बघायचंय ते नावानिशी लिहा. भिंग विसरू नका.